खोलीचा हिशेब

मुलांना खोपोलीजवळचं इमॅजिका पाहायचं होतं. आमच्या मालेहून लोणावळ्यामार्गे एका दिवसात जाऊन येता येतं. मग उद्यानाला लागून असलेल्या हॉटेलात खोली कशाला, असं मला वाटे. पण सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही जा. दिवसभर माझ्या गुडघ्यांना झेपायचं नाही.”

मग हिशेब पुन्हा मांडला. आमचा चौविहार, म्हणून रात्रीच्या जेवणाचा दर सोडला. फक्त नाश्त्यासह खोली घेतली. नाश्त्यात कंदमुळांशिवाय काय मिळेल, ते आधीच फोनवर विचारलं. दुपारी सासूबाई खोलीत पडल्या. सूर्यास्ताआधी सगळ्यांनी तिथेच घरच्या दशम्या खाल्ल्या. नंतर त्यांचं प्रतिक्रमणही शांतपणे झालं.

खोली महागच पडली. पण त्या घरी राहिल्या असत्या, तर सहल मला जास्त महाग पडली असती.