दुसरी बाईक घ्यावी का?

माझी स्प्लेंडर आता बारा वर्षांची झाली. कोंढव्याहून शिवाजीनगरला रोज ऑफिस गाठायला तिची काही तक्रार नाही. ९७ सीसीची हलकी गाडी, ट्रॅफिकमध्ये कुठूनही निघते. अडचण रविवारची आहे. सासवडला जाताना बोपदेव घाटात आम्ही दोघं बसलो की ती थेट दुसऱ्या गिअरवर येते आणि मागचे कारवाले हॉर्न वाजवत सुटतात. म्हणून मन क्लासिक ३५० वर गेलं. १९५ किलोचं ते धूड आमच्या गल्लीतून रोज मागे ढकलत काढायचं, हे मात्र कमरेला विचारायला हवं!

दोन्ही ठेवाव्यात, तर विमा दोन, पीयूसी दोन, आणि उभ्या उभ्या उतरणारी बॅटरी वेगळीच. कर्ज काढलं की व्याज आलं, ते मला नको. मग उरली रोख, आणि ती अम्मीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली.

अम्मी म्हणते, "घे रे, मला दिसतंय अजून." काल शेजारणीला तिनं माझ्या बहिणीच्या नावानं हाक मारली.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरवलंय. स्प्लेंडरला नवी चेन आणि क्लच प्लेट टाकतोय. कारवाल्यांनी वाजवावेत हॉर्न.