जल, तरु, तृण आणि एक केबल

एप्रिलच्या शेवटी गावच्या घरी पोचलो, तेव्हा आमच्या आगरात पांढऱ्या फक्कीची एक रेघ मारलेली होती. रस्त्याकडच्या गडग्यापासून ती निघाली होती आणि आईने लावलेल्या जायफळाच्या बुंध्याला जवळजवळ चाटून थेट मागच्या गडग्यापर्यंत गेली होती. शाळेच्या मैदानावर शर्यतीसाठी मारतात तशी सरळ. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. विचारायला आम्ही तिथे नव्हतोही, हे खरं. वर्षातले चाळीस-पन्नास दिवस आम्ही गावाला असतो, उरलेले पुण्यात.

संध्याकाळी पुतण्या आला. चुलत भावाचा मुलगा. ओसरीच्या पायरीवर बसला आणि चहा येईपर्यंत पावसाबद्दल, आंब्याबद्दल बोलला. मग म्हणाला, "काका, कंत्राटदाराची माणसं आली होती. मी म्हटलं होतं त्यांना, काका येईपर्यंत थांबा."

"मग?"

"मग ते थांबले नाहीत."

दापोली तालुक्यातल्या समुद्राकाठच्या गावांची ठेवण ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे प्रकरण लगेच कळेल. घरं रस्त्याला लागून, एकमेकांना खेटून. प्रत्येक घरामागे आगर, म्हणजे माड-पोफळीचा अरुंद पण लांबच लांब पट्टा, थेट पुळणीपर्यंत गेलेला. असा पट्टा दोन भावांत वाटायचा कसा? उभा चिरला तर दोघांनाही रस्ता मिळतो, पण गुंठ्यांची नुसती फीत होते. आमच्याकडे आजोबांनी आणि त्यांच्या भावाने तो आडवा कापला. पुढचा तुकडा आम्हाला, मागचा त्यांना. त्यांचं राहतं घर तेव्हा बाजारपेठेत होतं, त्यामुळे मागच्या तुकड्यात नुसती झाडं. आता पुतण्याने तिथे दोन खोल्या बांधल्या आहेत, पर्यटकांसाठी. खोल्या झाल्या, कौलं चढली, संडास-बाथरूम झालं. वीज यायची आहे, आणि विजेचा खांब आमच्या दारात आहे.

मी ट्रंकेतून वाटणीपत्र काढलं. १९५८ चं, बोरूने लिहिल्यासारख्या अक्षरातलं. त्यात आपल्याकडच्या जुन्या दस्तांतली ती ठेवणीतली माळ आहे: जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. मला ही माळ लहानपणापासून आवडते. पाण्यापासून, झाडापासून सुरुवात करून ती जमिनीत उतरते, दगडाखाली जाते आणि कुणी कधीकाळी पुरून ठेवलेल्या, अजून सापडायच्या असलेल्या धनापर्यंत पोचते. एवढं सगळं तुमचं. आमच्या वाटणीपत्रात पुढे मागच्या तुकड्यासाठी 'जाण्यायेण्याची वाट व विहिरीचे पाण्याचा पाट पूर्वापार वहिवाटीप्रमाणे' ठेवला आहे. विजेचा शब्द नाही. गावात वीजच नव्हती तर तो येणार कुठून?

इनामांच्या जुन्या सनदांमध्ये ह्या माळेला जोडून आणखी एक शब्दसमूह येतो: 'हक्कदार व इनामदार खेरीज करून'. म्हणजे पाणी, झाड, गवत, लाकूड, दगड, गुप्तधन सगळं दिलं, पण आधीपासून ज्यांचा ज्यांचा हक्क आहे तो सोडून. देणारा राजा असला तरी त्याला ही पुस्ती जोडावी लागत होती. मालकी नेहमी अशी काहीतरी वगळूनच हाती येत आली आहे. आपण वाचताना निधी-निक्षेपापाशी थांबतो, एवढंच.

खरं सांगायचं तर माझा राग जायफळापुरता नव्हता, जरी मी पुतण्याशी जायफळाबद्दलच बोललो. जायफळाची मुळं वरवर असतात, खोल जात नाहीत, त्यामुळे चर मारला तर झाड दुखावेल, हे मी त्याला सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा ह्याच उथळ मुळांमुळे आमच्याकडची बाकीची जायफळं उपटून पडली. हे एक राहिलं. टाळेबंदीमुळे त्या वेळी आम्ही गावातच अडकलो होतो. वादळानंतरचे कित्येक दिवस आगरात माणसांची रीघ होती. करवती, कोयते, दोर घेऊन कुणीकुणी येत होतं. तारांवर पडलेले माड तोडले, पोफळी ओढून बाजूला केल्या, बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या वायरमननी आमच्या विहिरीवर आंघोळी केल्या. तेव्हा कुणी आत येऊ का म्हणून विचारलं नव्हतं आणि माझ्याही मनात आलं नव्हतं की विचारायला हवं होतं. फक्कीच्या एका रेघेने मात्र डोकं फिरलं. संकटात आलेला माणूस आपल्या घरचा वाटतो आणि कामावर आलेला परका. काम बऱ्याचदा तेच असतं.

मग मी पुण्याच्या सवयीने कायदा वाचला. २००३ च्या वीज कायद्याखाली २००६ मध्ये झालेले नियम सांगतात की खासगी जमिनीवरून, जमिनीखालून किंवा भिंतीला धरून तार न्यायची तर आधी मालकाची किंवा वहिवाटदाराची संमती हवी. तो नाही म्हणाला तर कंपनी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ शकते आणि त्यांनी लेखी परवानगी दिली तर काम होतं. तारायंत्रांसाठी १८८५ मध्ये केलेल्या कायद्यातही असाच विचार आहे: जमीन तुमचीच राहते, सरकारला मिळतो तो फक्त वापर, नुकसान कमीत कमी करायचं आणि जे होईल ते भरून द्यायचं. पाटाच्या पाण्यासाठी तर आपल्याकडे महसूल संहितेचं ४९ वं कलम आहेच. शेजारी शेतासाठी पाणी नेऊ देत नसेल तर तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. म्हणजे 'नाही' म्हणायचा हक्क मला आहे, पण तो शेवटचा शब्द नाही.

वाचता वाचता १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्यापाशी आलो आणि तिथे अडकलो. गावात ह्याला वहिवाट म्हणतात. कुणी तुमच्या जमिनीतून वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, हक्काने जात राहिला तर तो त्याचा हक्क होतो. पण तुम्ही 'जा बाबा' म्हणून परवानगी दिली असेल, तर वीस काय, पन्नास वर्षांनीही होत नाही. ती तुमची मेहेरबानीच राहते. म्हणजे कौतुकाने हो म्हणणारा माणूस मालक राहतो आणि भिडेखातर गप्प बसणारा आपली जमीन थोडी थोडी देत जातो. आमच्या आधीच्या तीन पिढ्या भिडेवर जगल्या. त्यांनी कायदा वाचला नव्हता हे बरं झालं.

पण वाट किंवा पाट आणि तार ह्यांत मला एक फरक सारखा जाणवत होता. वाटेने माणूस येतो. खाकरतो, 'आहात का घरात' म्हणतो, कधी चार आंबे ठेवून जातो, कधी भांडतो. पाटाचं तर काय सांगावं! लहानपणी विहिरीवर रहाट होता. बैल फिरायचा, गाडगी भरून वर येत, पाणी पोफळीच्या पन्हळीतून पाटात पडे आणि आमच्या आगरातून वाहत मागे जाई. ते पाणी त्यांच्या पाळीचं असे, पण वाटेत पाट झिरपायचा. दोन्ही कडांना अळू माजलेलं असे, कर्दळी असत, बेडूक असत. चुलत आजीला ते ठाऊक होतं. ती कधीतरी म्हणे, "आमचं पाणी तुमच्या अळवाला", आणि आजी म्हणे, "मग या की पानं न्यायला." केबल अशी झिरपत नाही, आणि झिरपूही नये. ती आमच्या जमिनीतून जाईल आणि आम्हाला ओलही लागणार नाही. शिवाय माझी संमती मागतो पुतण्या, पण ती मिळते कंपनीला. पुतण्याला एकदाच विचारावं लागणार. नंतर दुरुस्तीला जे येतील ते कोण असतील, कुठले असतील, त्यांची काही आमची ओळख नसेल.

हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पुण्यात वरच्या मजल्यावर गॅसची पाइप जाते ती आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून. तुम्हाला कधी ओल लागली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याला बोलावलं. वरून तार नेण्याचा पर्याय होता, पाणंदीने वळसा घालून, तीन खांब रोवून. खर्च त्याच्या अंगावर आला असता, आणि माडांच्या खालून उघडी तार न्यायची म्हणजे दर चार दिवसांनी झावळ पडून अंधार. मी म्हटलं, "जमिनीतूनच ने. पण जुन्या पाटाच्या जागेने." पंप बसल्यापासून पाट बुजला आहे, पण त्याची रेघ अजून दिसते. तिथली जमीन किंचित खोल आहे आणि तिच्यावर कुणी झाड लावलेलं नाही. ती वाट जायफळापासून दहा हात लांब आहे. फक्कीच्या रेघेपेक्षा थोडी वाकडी, त्यामुळे केबल जास्त लागली. पुतण्याने कुरकुर केली नाही. निदान माझ्यासमोर नाही.

कागद पाचशेच्या मुद्रांकावर करायचा होता. पूर्वी शंभराचा चालायचा. छापील मजकुरात 'कायमस्वरूपी ना हरकत' असं होतं. मी 'कायमस्वरूपी' खोडलं आणि बाजूला सही केली. दोन दिवसांनी कागद परत आला, खाडाखोड चालत नाही म्हणून. दुसऱ्या कागदावर मी मुकाट्याने सही केली. पाचशे रुपये पुतण्याचे गेले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

चर खणायला तीन दिवस लागले. वरची माती सुटली, पण एका टप्प्यात जांभा लागला आणि पहार वाजायला लागली. एका जागी खापऱ्या निघाल्या, रहाटाच्या गाडग्यांच्या, गळ्याशी दोर बांधायची खाच असलेल्या. निधी-निक्षेप म्हणायचे तर तेवढेच. मग तळाला वाळू, वाळूवर केबल, वर पुन्हा वाळू आणि त्यावर आडव्या विटांची ओळ. पुतण्या म्हणाला, "विटा कशाला? केबल कुठे आहे ते आम्हाला माहीत आहे ना." खणणाऱ्यांतला म्हातारा वर न बघता म्हणाला, "तुम्हाला आहे. पुढे जो खणील त्याला विटा लागल्या की तो थांबेल."

आम्ही मेच्या अखेरीस पुण्याला परतलो. गणपतीला पुन्हा गेलो, तेव्हा मागच्या खोल्यांत दिवे होते, पर्यटक होते आणि कुणाचंतरी मराठी नसलेलं गाणं मोठ्याने चाललं होतं. चराची माती पावसाने दबली होती आणि त्या रेघेवर, सुटी जमीन ओल धरते म्हणून असेल, काळ्या देठांचं अळू ओळीने उभं होतं. आपोआप आलेलं नव्हतं. रोपांत हातभर अंतर होतं. मागच्या वहिनींनी लावलं असणार. आम्हाला विचारलं नव्हतं.

मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी होती. बायको खिडकीतून त्या ओळीकडे बघत म्हणाली, "आता गप्प बसलात, की तुमची ती वीस वर्षं सुरू," आणि कोयती घेऊन पानं कापायला गेली.