एका घरच्या दोन चुली: सातारा आणि सांगली

मसाल्याच्या डब्यातली हळद कुठून आली, हे आपण कधी दुकानदाराला विचारतो का? शिऱ्यावर पेरायचे बेदाणे, पाहुण्यांनी आणलेले कंदी पेढे, मुलांच्या आवडीचं भडंग, बाजारात हिवाळ्यात दिसणारी स्ट्रॉबेरी, या साऱ्यांचा पत्ता शोधत गेलं की पावलं बहुधा कृष्णाकाठी येऊन थांबतात. म्हणून मैत्रिणींनो, यंदाच्या सुटीत सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे सवडीने पाहाच.

हे दोघे मुळात एकाच घरचे, बरं का! १९४९ साली सातारा जिल्ह्याची वाटणी झाली आणि 'दक्षिण सातारा' वेगळा निघाला. १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. चुली वेगळ्या झाल्या, पण पाण्याचा रांजण मात्र एकच राहिला. तो म्हणजे कृष्णा नदी. आणि एका रांजणावर दोन चुली म्हटलं, की कुणाच्या वाट्याला किती, हा प्रश्न आलाच.

कृष्णेचं माहेर महाबळेश्वर. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. तिथून मोटारीने तीन-चार तास पूर्वेला माण तालुक्यात जा. त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका पाऊस पडला तरी लोक वर्ष चांगलं गेलं म्हणतात. खटाव, आटपाडी, जत यांचीही तीच तऱ्हा. पश्चिमेला भात, मध्ये ऊस आणि हळद, पूर्वेला बाजरी, शेळ्यामेंढ्या आणि आता डाळिंबं. आपल्या प्रवासात हे सगळं खिडकीतूनच बदलत जाताना दिसेल.

आधी सातारा. अजिंक्यतारा चढा, वाईच्या घाटावर ढोल्या गणपतीला हात जोडा. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात गेलात तर कासचं पठार फुललेलं असतं. २०१२ साली जागतिक वारशात गेलेली ही जागा; फुलं डोळ्यांनी पाहायची, वेणीत माळायची नाहीत. आणि खंडाळा तालुक्यातलं नायगाव चुकवू नका. सावित्रीबाई फुले ३ जानेवारी १८३१ रोजी इथेच जन्मल्या. आपण चार ओळी वाचतो-लिहितो, त्याची वाट याच अंगणातून निघाली. कऱ्हाडजवळच्या काले गावी १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिलं. पुतळे पुरुषांचे उभे राहतात. मंगळसूत्राची आठवण आपण तरी ठेवायला हवी.

पाटण तालुक्यात कोयना धरण आहे. या पाण्यावर वीज झाली, राज्यभर गिरण्या फिरल्या, घराघरांत दिवे लागले. पण शिवसागराखाली कितीतरी गावांच्या चुली बुडाल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर हादरलं, माणसं दगावली. उठून गेलेल्या कित्येक कुटुंबांचा जमिनीचा प्रश्न सुटायला दोन पिढ्याही पुरल्या नाहीत. बटण दाबलं की दिवा लागतो, तेव्हा हे आपल्या ध्यानीमनीही नसतं.

कऱ्हाडला कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भेटतात. हा प्रीतिसंगम. संध्याकाळी तिथे जरूर बसा. मग खाली सांगलीकडे उतरा. गणपतीचं देऊळ, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगवलं ती ही नाट्यनगरी, शेजारी सतारी-तंबोऱ्यांचं मिरज. किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगर घडले आणि तिथूनच १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं. आपल्या सासूबाईंना, आजेसासूबाईंना ते आठवत असेल, विचारून पाहा.

सांगलीची हळद मोठी नावाजलेली. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पूर्वी ही हळद हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत ठेवत. माठासारखं खोल पेव, वरून तोंड लिंपून बंद. आत हवा नाही, म्हणून कीड नाही. पेव उघडलं तरी लगेच कुणी आत उतरत नसे. आधी हवा खेळू देत. पण २००५ च्या महापुराचं पाणी पेवांत शिरलं आणि पुष्कळ पेवं कायमची गेली. आता हळद गोदामांत असते. २०१९ आणि २०२१ सालीही पूर आला. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं. धोक्याची खूण पंचेचाळीसची! पावसाळ्यात सांगलीच्या बायका एकमेकींना आधी विचारतात, "आयर्विनला किती फूट झालं हो?" गहू-तांदूळ माळ्यावर कधी चढवायचे, ते त्या उत्तरावर ठरतं.

आणि त्याच जिल्ह्यात, त्याच वर्षी, जतला टँकरची वाट पाहावी लागते! खानापूर-आटपाडीकडच्या माणसांनी दुष्काळापायी गाव सोडलं आणि सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा धरला. केरळ, तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत जुनं सोनं आटवून शुद्ध करणारा बहुधा विट्याकडचा निघतो. बायको परमुलखात तमीळ-मल्याळम शिकते. गावी टोलेजंग बंगला बांधलेला असतो, पण त्याचं कुलूप निघतं जत्रेला.

ज्या मागे राहिल्या, त्यांनीही हात टेकले नाहीत. म्हसवडला चेतना सिन्हा आणि गावच्या बायकांनी बँक काढायचं मनात घेतलं. प्रवर्तक बायका अंगठा उठवणाऱ्या, म्हणून पहिला अर्ज नामंजूर झाला. बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि व्याजाचा हिशोब तोंडी करून दाखवायची तयारी दाखवली. १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. पाण्यासाठीही लोक झगडले. नागनाथअण्णा नायकवडींसारखे लोक १९९३ पासून आटपाडीत पाणीपरिषदा भरवून प्रत्येकाला समान पाणी मागत राहिले. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या योजनांनी कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवलं. जिथे ते पोचलं तिथे डाळिंबं आणि द्राक्षं दिसतात. जिथे नाही, तिथे हंडे दिसतात.

आता चार सूचना. पुण्याहून साताऱ्याला एसटी भरपूर. रेल्वेने मिरजेपर्यंत थेट जाता येतं. चार दिवस तरी काढा: दोन साताऱ्याला, एक सांगलीला, एक पूर्वेकडे. खरेदीला हळद अखंड घ्या आणि घरी दळा. तासगावचे बेदाणे हातात दाबून पाहा, चिकट नकोत. माणदेशी घोंगडं जड असतं, पिशवी मोठी ठेवा.

आणि शेवटचं. पूर्वेकडच्या कुणाच्या घरी टेकलात, तर माउली आधी तांब्या भरून पाणी पुढे करील. तहान असेल तेवढंच पेल्यात ओतून घ्या. उरलेलं अंगणात फेकू नका, तांब्यातच राहू द्या.