जखमेचा ऋतू

आमच्या सक्करदऱ्यात जखमेबद्दल प्रत्येकाचं काही ना काही मत असतं. उन्हाळ्यात जखम चिघळते, पावसाळ्यात पिकते आणि थंडीत लवकर भरते, हे मत तर सर्वांचंच. बुधवारी बाजारातली भाजीवाली असो, ताजाबादहून दुआ मागून परतणारा पाहुणा असो की उमरेड रोडवरचा वेल्डिंगवाला असो, ऑपरेशनचं नाव काढलं की पहिला सल्ला ठरलेला : ‘‘थंडीत करा जी!’’ मोतीबिंदू, हर्निया, गुडघे यांच्यासाठी लोक दिवाळीपर्यंत थांबतातही. आम्ही भावंडं हेच ऐकत वाढलो. पण सुताराच्या हातावर आरा फिरतो, तो काही महिना विचारून फिरत नाही.

2022 च्या मार्चअखेर आमच्या अब्बांच्या डाव्या हातावर गोल आरा फिरला. लग्नसराईचं काम अंगावर होतं. दिवाण, कपाट, ड्रेसिंग टेबल, सगळं तारखेला पोहोचवायचं. सुताराचा हंगाम नेमका आमच्या उन्हाळ्यात येतो आणि घामेजलेल्या हातातून सागवानाची पट्टी सटकायला वेळ लागत नाही. तर्जनी आणि मधलं बोट तळव्याच्या बाजूने चिरलं गेलं. हाड वाचलं, पण बोटं वाकेनात. गल्लीत सगळे म्हणाले, नस कटली.

दवाखान्यात डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आपण जिला नस म्हणतो ती रक्ताची नळी नव्हे, कंडरा. स्नायूपासून बोटाच्या हाडापर्यंत गेलेली दोरीच ती. तुटली की तिचं वरचं टोक मनगटाच्या दिशेने ओढलं जातं. पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, ती जोडली तर ठीक. पुढे स्नायू आखडतो, दोरीची वाट बुजते आणि दोन टोकं सरळ जोडणं कठीण होऊन बसतं. अम्मीने भीत भीत विचारलं, ‘‘इतनी गर्मी में टाँके पकेंगे तो नहीं?’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘पकू नयेत म्हणून काय करायचं ते मी सांगतो. पण थंडीची वाट पाहिली तर जोडायला काही उरणार नाही.’’ त्याच रात्री दोन्ही बोटांच्या कंडरा आणि एक तुटलेली मज्जातंतूची शाखा शिवली गेली.

थांबण्याचा सल्ला फक्त आमच्या गल्लीतच मिळत होता असं नाही. तळव्याच्या वरच्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतचा जो अरुंद बोगदा आहे, त्याला अमेरिकन शल्यविशारद स्टर्लिंग बनेल यांनी ‘नो मॅन्स लँड’ असं नाव दिलं होतं. तिथे कंडरा लगेच शिवू नये, ती चिकटून बसते, असं मोठमोठे डॉक्टर कितीतरी वर्षं मानत होते. 1960 च्या दशकात ताबडतोब जोडणी आणि लवकर हालचाल यांचे चांगले अनुभव जगापुढे आले, तेव्हा ती समजूत मागे पडली. अब्बांचा घाव याच बोगद्यात होता.

मग आमच्या घराचा उन्हाळा सुरू झाला. नागपूरचा उन्हाळा वाचकांना सांगायला नको. 23 मे 2013 ला या शहराने 47.9 अंश पाहिले आहेत. आमची खोली टिनाची. प्लास्टरच्या पट्टीखाली घाम साचायचा, कातडी पांढरी, भिजल्यासारखी व्हायची. अशी भिजलेली कातडी जंतूंना वाट देते. शिवाय उष्णतेने रक्तवाहिन्या पसरतात आणि हात सुजतो. सुजलेल्या बोटात कंडरा सरकत नाही आणि न सरकणारी कंडरा चिकटते. म्हणजे हाताच्या बाबतीत उन्हाळ्याचा त्रास केवळ जखम पिकण्यापुरता नसतो, बोट आखडण्याशीही त्याचा संबंध असतो. अम्मीने ओढणीची झोळी करून हात छातीच्या वर टांगून ठेवला. कूलर होता, पण त्याचा ओलसर झोत पट्टीवर येऊ नये म्हणून अब्बांची खाट आम्ही कोपऱ्यात ओढली. पट्टी ओली दिसली की ड्रेसिंग, मग ठरलेला दिवस असो वा नसो.

सक्करदरा चौकाजवळच शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथे शिकवल्या जाणाऱ्या सुश्रुतसंहितेत या प्रश्नावर एक अगदी व्यवहारी सूचना आहे. हेमंत, शिशिर आणि वसंत या ऋतूंत जखमेची पट्टी तीन दिवसांनी सोडावी. शरद, ग्रीष्म आणि वर्षा या ऋतूंत दोन दिवसांनी. आम्हाला ही सूचना फार मोलाची वाटते. ऋतूचा परिणाम त्या काळच्या वैद्यानेही ओळखला होता, पण त्यावरून त्याने पट्टीचा दिवस बदलायला सांगितलं. आमच्या गल्लीने मात्र त्यातून उपचारच पुढे ढकलायचा अर्थ काढला.

आजच्या वैद्यकानेही हिशेब मांडला आहे. जर्मनीत 2000 ते 2016 या काळातल्या 20 लाखांवर शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासून 2019 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जखमेच्या जागी संसर्ग झाला तो सुमारे 32 हजार रुग्णांना, म्हणजे शंभरात दोघांहूनही कमी. ज्या महिन्यांचं सरासरी तापमान 20 अंश किंवा अधिक होतं, त्यांत हा धोका 5 अंशांखालच्या महिन्यांपेक्षा सुमारे 13 टक्क्यांनी जास्त निघाला. ऐकताना 13 मोठा वाटतो, पण शंभरात दीड जणाला होणारा संसर्ग त्याने पावणेदोनच्याही आतच राहतो. दुसरी गंमत अशी की 20 अंश सरासरी आमच्याकडे डिसेंबरात असते! त्यांचा उन्हाळा तो आमचा हिवाळा. म्हणून तिथले आकडे जसेच्या तसे टिनाच्या खोलीला लावता येत नाहीत. कल तेवढा घ्यायचा : उष्णतेने धोका वाढतो, पण हातचं बोट सोडून द्यावं इतका नाही.

त्या वर्षी एप्रिलच्या 3 तारखेला रमजान सुरू झाला. आजाऱ्याला रोजातून सूट आहे, राहिलेले रोजे पुढे भरून काढता येतात. अब्बांना हे पटायला दोन दिवस लागले. औषधाच्या वेळा आणि ते ऊन पाहून अखेर त्यांनी ऐकलं. वजूचा प्रश्न त्याहून नाजूक होता. दिवसातून पाच वेळा पाणी आणि पट्टी तर कोरडी राहायला हवी. मशिदीच्या इमामसाहेबांनी सांगितलं, पट्टीवरून फक्त ओला हात फिरवा, मसह करा, पुरे. अब्बांना एका हाताने उजवं मनगट धुता येत नसे, ते अम्मी धुऊन द्यायची. टाके निघाले तेव्हा जखम स्वच्छ होती. गल्लीला नवल वाटलं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. पाऊस लागला, उकाड्याची जागा उमसने घेतली, कूलर निरुपयोगी झाला. व्रण खाजू लागला. स्प्लिंटचे पट्टे वाळेनात, म्हणून आम्ही दोन जोड ठेवले आणि चुलीजवळच्या दोरीवर आळीपाळीने वाळवले. व्यायाम चालू होता, तरी मधलं बोट अर्ध्यावर अडलं. कंडरा चिकटली होती. या भागात उत्तम जोडणीनंतरही असं होतं. डॉक्टर म्हणाले, काही महिने जाऊ द्या, व्रण मऊ पडू द्या, मग मोकळी करू. दुसरी शस्त्रक्रिया डिसेंबरात झाली. गल्ली खूश झाली : ‘‘बघा, शेवटी थंडीतच केली ना!’’ थांबणं व्रणासाठी होतं, थंडीसाठी नव्हतं, हे आम्ही किती जणांना सांगणार?

आणि थंडी मायाळू असते हेही अर्धंच खरं. जखम कोरडी राहिली, पण दुसऱ्या दिवसापासून बोट हलवायचं होतं आणि सकाळी ते लाकडासारखं कडक असायचं. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात. ज्या बोटाचा मज्जातंतू तुटून जोडला आहे, त्याला गारठा फार झोंबतो, कधी पांढरं पडतं, ठणकतं. असा त्रास पुढे वर्षानुवर्षं राहू शकतो. नागपूरने 29 डिसेंबर 2018 ला 3.5 अंशही पाहिले आहेत, तेव्हा ही चिंता हौसेची नव्हे. भर म्हणजे त्या बोटाला पुरतं जाणवत नव्हतं. शेकोटीवर हात धरला असता तर कातडी भाजली तरी कळलं नसतं. म्हणून कोमट पाणी, तेही आधी उजव्या हाताने पाहून, आणि लोकरीचा मोजा. पुढे जखम भरल्यावर त्याच थंडीतल्या लहान दिवसांत अब्बांनी राहिलेले रोजे भरून काढले.

आज त्यांचं मधलं बोट पूर्ण मिटत नाही, पण पट्टी धरता येते, रंधा चालतो. जानेवारीत ते हात गरम करून मगच आऱ्याजवळ जातात. पोट हातावर असलेल्या माणसाला यापेक्षा काय हवं?

आम्हाला बोलायचं आहे ते त्यांच्याविषयी, ज्यांची बोटं उन्हाच्या भीतीने तशीच राहून जातात. वरून टाके घालून घ्यायचे, जखम भरली की निभावलं म्हणायचं, आणि थंडीत दाखवायला गेलं की उशीर झाला म्हणून ऐकायचं. त्यांचा उन्हाळा बदलता येत नाही, पण उन्हाळ्यातलं घर थोडं बदलता येतं. आपल्या मोहल्ल्यात मे महिन्यात कुणाचा हात कापला तर त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आणि तो परतला की थंडीच्या गोष्टी सांगण्याऐवजी दोन जादा ड्रेसिंगचे पैसे द्या, महिनाभर एखादा पंखा द्या, त्याच्या घरात पाणी भरून द्या.