आमिषाच्या आरोपाला न झेपणारी रीत

मारेगावसारख्या गावात कुणी ‘ख्रिस्ती झाला’ म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: काय दिलं त्याला? हा संशय उगाच आहे, असं मी म्हणणार नाही. यवतमाळ जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात असतानाच, १९५६ साली, मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल आला आणि शाळा-दवाखान्यांच्या आडून धर्मांतर होतं हा आरोप सरकारदरबारी नोंदला गेला. तरी प्रौढाने कॅथलिक होण्याची रीत नीट पाहिली, तर आमिषाने माणसं गोळा करायला याहून गैरसोयीची रीत मिळणार नाही, असं माझं मत आहे. फादर आल्या-आल्या डोक्यावर पाणी घालत नाहीत. चर्चचा कायदा सांगतो की प्रौढाने इच्छा स्वतः बोलून दाखवावी, शिकवण घ्यावी आणि तसं जगून दाखवावं. चौदा वर्षांवरच्या माणसाचा बाप्तिस्मा बिशपांच्या कानावर घालायचा. मारेगावकर असेल तर अमरावतीच्या. १९७२च्या विधीप्रमाणे उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी नाव नोंदवतात आणि तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या रविवारी भर मिस्सेत त्याच्यासाठी मनःशुद्धीच्या प्रार्थना होतात. मग ईस्टरच्या आदल्या रात्री बाहेर अग्नी पेटवून मोठी मेणबत्ती आत आणतात. तीनदा पाणी, हातात त्याच मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती, कपाळावर तेल, आणि लगेच पहिलं कम्युनियन. कॅथलिक घरातल्या पोराला जे मिळायला कित्येक वर्षं लागतात, ते याला एका रात्रीत. पण त्याआधीचे महिने चुकत नाहीत.

कुणी म्हणेल, बायबलमध्ये फिलिपने इथिओपियाच्या अधिकाऱ्याला रस्त्यातच बाप्तिस्मा दिला, मग हा उशीर कशाला? पण तो अधिकारी रथात बसून यशया वाचत होता, आणि पाणी दिसल्यावर विचारलं त्यानेच. पुढे हिप्पोलिटसच्या नावावर असलेल्या जुन्या ग्रंथात तर तीन वर्षांच्या शिकवणीची अट दिसते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: नियम कागदावर, गावात कोण पाळतो? कबूल. मात्र नियम असल्यामुळेच घाई करणाऱ्याला त्याच्याच चर्चच्या कायद्याने अडवता येतं. कुणावर श्रद्धेची जबरदस्ती करू नये, हेही त्यात लिहिलेलं आहे.

शिवाय हिशेब उलटाही आहे. राष्ट्रपतींच्या १९५०च्या आदेशामुळे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्या दर्जाच्या सवलती जातात. गोंड किंवा कोलामाच्या अनुसूचित जमातीच्या दर्जाला ती अट नाही. नाव नोंदवण्याच्या कितीतरी आधी, पहिल्याच बैठकीत, फादरांनी हे स्पष्ट सांगायला हवं.