नागपूरचे बिशप आणि वर्ध्याचे जमनालालजी

वर्धा जिल्ह्याचा इतिहास म्हटला की सेवाग्राम, पवनार, बजाजवाडी ही नावे ओठांवर येतात. नागपूरच्या बिशपपदाची आठवण कुणाला होत नाही. वास्तविक अँग्लिकन चर्चच्या रचनेत वर्धा याच धर्मप्रांतात मोडे, आणि या पदाच्या इतिहासातील एका कसोटीच्या प्रसंगाचे मूळ एका वर्धेकराच्या सल्ल्यात सापडते.

१८१३ च्या सनदी कायद्याने हिंदुस्थानासाठी एक बिशप आणि तीन आर्चडीकन मंजूर झाले. एवढ्या अफाट मुलखाला एकच बिशप, तोही कलकत्त्यास! मुंबईला स्वतःचा बिशप १८३७ मध्ये लाभला. नागपूरला मात्र १९०३ पर्यंत वाट पाहावी लागली. पहिले बिशप आयर चॅटर्टन हे इतिहासाचे व्यासंगी गृहस्थ. १९१६ मध्ये त्यांनी गोंडवनाचा इतिहास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. १९२६ मध्ये त्यांच्या जागी अलेक्स वुड आले.

सरकारी पाद्र्यांचे वेतन हिंदुस्थानच्या महसुलातून निघत असे. त्यामुळे धर्मसत्ता आणि राजसत्ता यांच्यातील सीमारेषा नेहमीच पुसट राहिली. १९३० मध्ये येथील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने विलग झाले खरे, पण कायदा बदलला म्हणून मने लगेच बदलत नाहीत.

याच सुमारास व्हेरियर एल्विन हा तरुण इंग्रज धर्मगुरू गांधीजींच्या प्रभावाखाली आला. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात तो राहत होता. दुर्लक्षित गोंडांमध्ये जाऊन काम करावे, असे त्यास वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी सुचविले. याच जमनालालजींनी १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले केले होते. १९३२ च्या आरंभी एल्विन आणि त्याचे मराठी सहकारी शामराव हिवाळे मंडला जिल्ह्यातील करंजिया गावी पोहोचले.

मंडलाही नागपूरच्याच धर्मप्रांतात. तेथे प्रभुभोजनाचा विधी चालवायचा तर बिशपांचा परवाना हवा. सम्राटाशी निष्ठेची शपथ घेतल्याखेरीज वुड तो देईनात, आणि गांधीजींच्या या अनुयायास ती शपथ घेववेना. शिवाय गोंडांचे धर्मांतर करण्यास तो राजी नव्हता. वुड यांना दुष्ट ठरविणे सोपे आहे, परंतु न्याय्य नाही. प्रचार न करणारा धर्मोपदेशक कोणत्या बिशपास मानवला असता? शपथेचा हट्ट मात्र समर्थनीय वाटत नाही. राजनिष्ठा हा प्रभुभोजनाचा निकष कधीपासून झाला?

अखेर १९३५ मध्ये एल्विनने चर्चचा त्याग केला. आदिवासी जीवनाचा अभ्यासक म्हणून त्याने नाव मिळविले, आणि १९५४ मध्ये त्याने भारताचे नागरिकत्व स्वीकारले.

पुढे जॉन सादिक यांच्यासारखे भारतीय धर्मगुरू नागपूरच्या त्याच आसनावर बसले. १९७० मध्ये अँग्लिकनांसह अनेक पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, आणि नागपूरचा धर्मप्रांत त्यात सामील झाला.