ढाबळ

कोथरूडच्या गावठाणात आमचे भाड्याचे घर होते. वर पत्र्याची ढाबळ, तिच्यात मामूंची गिरेबाज कबुतरे. अब्बांना हा नाद पसंत नव्हता. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात कबुतरामागे धावणाऱ्याला सैतान म्हटले आहे, हे ते वरचेवर ऐकवत. मामू मान खाली घालून ऐकत. त्यांनी पैज कधी लावली नाही, नमाजही चुकवली नाही. पण कबुतरे सुटली नाहीत.

मी बाजरीचा डबा घेऊन त्यांच्या मागे असे. मादी दोन अंडी घाली. नर-मादी आळीपाळीने उबवत आणि सतरा-अठरा दिवसांनी पिल्ले बाहेर येत. पंख भरले की मामू त्यांना जाळीच्या पिंजऱ्यात छपरावर ठेवीत, आपले घर वरून कसे दिसते ते त्यांना कळावे म्हणून. मग फजरनंतर, उपाशीपोटी, जाणत्या कबुतरांबरोबर उडवीत. थवा चढत चढत ठिपक्यांएवढा होई. ससाण्याच्या धास्तीने मामूंची नजर आभाळावरून हलत नसे. काही तासांनी ते शीळ घालत, मी डबा वाजवी.

"उडाना तो कोई भी उडाता है बेटा, उतारना आना चाहिए," मामू म्हणत.

2004 साली घरमालकाने जागा बिल्डरला दिली. अब्बांनी आणि मामूंनी कोथरूडमध्येच घर शोधले. नाव सांगितले की खोली आदल्याच दिवशी गेलेली असे. शेवटी कोंढव्याला आलो. ढाबळ टेम्पोतून आली.

महिनाभर कोंडून मामूंनी कबुतरे सोडली. त्यांनी एक गिरकी घेतली आणि आठ-दहा किलोमीटरवरचे कोथरूड गाठले. मामू बसने मागोमाग गेले. अर्धवट पाडलेल्या भिंतीवर ती बसली होती. टोपलीत घालून आणली. पुन्हा सोडली, पुन्हा तिथेच. मग मामूंनी जुन्या जोड्या कायमच्या जाळीआड ठेवल्या आणि कोंढव्यात जन्मलेली पिल्ले तेवढी उडवली. ती मात्र बरोबर आमच्याच छपरावर उतरली.

बाबराचे वडील उमर शेख मिर्झा 1494 मध्ये ढाबळीसह दरीत कोसळून वारले, हे मी वर्गात सांगते तेव्हा मुले हसतात. मी रागावत नाही. ही सगळी कोंढव्यात जन्मलेली मुले. मला मात्र कुणी 'तुम्ही कुठल्या?' विचारले की आजही तोंडून आधी कोथरूडच निघते.